तुटलेल्या नसेची सूज: दाबायची की राहू द्यायची?

मनगटवाली: हाताच्या फिजिओथेरपीत माझी बरीच वर्षं गेली. काच लागून मनगटातली मीडियन नस (रक्तवाहिनी नव्हे, बोटांची संवेदना आणि हालचाल सांभाळणारी चेता) तुटलेले पेशंट टाके घालून येतात, आणि गोळ्यांत डायक्लोफेनॅक हे सूज उतरवणारं वेदनाशामक असतंच. माझं स्पष्ट मत: तुटलेल्या नसेतला पहिल्या दोन आठवड्यांचा दाह, म्हणजे ही सूज, सरसकट मारू नये.

कापलेल्या जागेपुढचा तंतू मरतो, हे ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं. मग तंतूला वेढून असलेल्या श्वॉन पेशी सीसीएल-२ हा रेणू सोडून रक्तातल्या मोनोसाइट पेशींना बोलावतात. दोन-तीन दिवसांत त्या नसेत शिरतात, मॅक्रोफेज (भक्षक पेशी) होतात आणि मायलिनचा, म्हणजे तंतूवरच्या आवरणाचा, मलबा खाऊन टाकतात. जुन्या मायलिनमध्ये वाढ अडवणारी प्रथिनं असतात, म्हणून ही सफाई झाल्याशिवाय नव्या तंतूला वाट मिळत नाही. १९८९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी उंदरांची एक जात नोंदवली. तिच्यात तुटलेला भाग कित्येक दिवस टिकतो, मॅक्रोफेज उशिरा येतात, आणि संवेदनेच्या तंतूंची वाढही रेंगाळते. आधीच नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. त्यात आपण आणखी खोडा का घालायचा?

सावळा_डॉक्टर: मला हे अजिबात पटत नाही. कुष्ठरोगाच्या रिॲक्शनमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती अचानक भडकते तेव्हा, कोपराची अल्नर नस दोरीसारखी जाड होते, हात लावला की पेशंट कळवळतो. तिथे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वेळेवर सुरू केलं नाही तर करंगळी आणि अनामिका वाकड्या होतात, त्या कायमच्या. चेहऱ्याच्या लकव्याचंही तेच. स्कॉटलंडच्या २००७ च्या चाचणीत ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन मिळालेले ९४.४ टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले, न मिळालेले ८१.६ टक्के. तुमचे उंदीर या माणसांपुढे ठेवा.

मनगटवाली: डॉक्टर, मी तुटलेल्या नसेबद्दल लिहिलंय. चेहऱ्याची नस हाडाच्या बोगद्यातून जाते, तिथे सूज आली की नसच आवळली जाते. कुष्ठरोगात प्रतिकारशक्ती नसेतल्या जंतूंवर तुटून पडते. या दोन्हींत स्टेरॉइड हवंच. कापलेल्या नसेत दाहाचं काम वेगळं आहे.

रेवाकाठ: आणि वेदना? टीएनएफ आणि आयएल-१ बीटा हे दाहातले रेणू वेदनेच्या तंतूंना इतके हळवे करतात की शर्टाची बाही घासली तरी पेशंट हात मागे घेतो. तो बोटं हलवणार कशी? नस सहा महिन्यांनी पोचली आणि सांधे आखडलेले असले, तर काय उपयोग?

मनगटवाली: वेदना सोसा असं मी कुठे म्हटलं? २०२२ मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने उंदरांना सुरुवातीलाच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक दिलं, तर दुखणं उलट लांबलं. दाह न दाबणाऱ्या गॅबापेंटिन, मॉर्फिन, लिडोकेन या वेदनेवरच्या औषधांनी तसं झालं नाही. म्हणजे दाहाला हात न लावता वेदना कमी करता येते.

सावळा_डॉक्टर: उंदरांत. माणसाची नस शिवून दोन गट पाडलेली मोठी चाचणी दाखवा, मी माझं प्रिस्क्रिप्शन बदलतो. तोवर मथळ्यात 'अपघाताने कापलेल्या नसेपुरतं' एवढे शब्द घाला. हा धागा वाचून रिॲक्शनचा एखादा पेशंट प्रेडनिसोलोन मध्येच सोडेल. महिनोन्‌महिने चाललेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी साथ देत नाहीत, रक्तदाब कोसळू शकतो. नस तर जाईलच.