एका थडग्यावरचे चार शब्द : 'टोनक्युन्स्टलर'ला मराठीत काय म्हणावं?

टाकबोरू
जर्मन लेखक आणि संगीतकार ए. टे. आ. हॉफमन यांच्या परिचयलेखात त्यांच्या थडग्यावरचा मजकूर मराठीत द्यायचा आहे. बर्लिनला मेरिंगडामच्या दफनभूमीत ही शिळा आहे. वर नाव, खाली जन्म क्योनिग्सबर्ग, २४ जानेवारी १७७६. मृत्यू बर्लिन, २५ जून १८२२. त्याखाली 'कामर गेरिख्ट्स राट' आणि मग 'आउसगेत्साइख्नेट इम आम्टे, आल्स डिख्टर, आल्स टोनक्युन्स्टलर, आल्स मालर'. शेवटी मित्रांकडून अर्पण केल्याची ओळ.

कच्चा खर्डा असा : "चेंबर न्यायालयाचे सल्लागार. कार्यालयात, तसेच कवी, वाग्गेयकार आणि चित्रकार म्हणून उत्कृष्ट." वाचताना दाताखाली खडा येतोय, पण नेमका कुठे ते कळत नाही. आणि 'वाग्गेयकार' चालेल ना? लेखकही आणि संगीतकारही, अशा माणसाला आपल्याकडे दुसरा शब्द कुठे आहे?

खर्डेघाश
खडा एक नाही, चांगली मूठभर वाळू आहे. आधी कोर्टकचेरीचं बघू.

'कामर' म्हणजे खोली हे खरं, पण ही खोली राजाची. त्याच्या दालनात भरणारं न्यायालय, म्हणून ते जुनं नाव पडलं. हॉफमनच्या काळात ते प्रशियाचं बर्लिनमधलं वरिष्ठ न्यायालय होतं. 'चेंबर' लिहिलंत तर वाचकाला वकिलाचं ऑफिस आठवेल. 'बर्लिनचे वरिष्ठ न्यायालय' लिहा.

'राट'चा अर्थ कोशात सल्ला आणि सल्लागार असा दिसतो, पण इथे तो हुद्दा आहे. १८१६ पासून हॉफमन त्या न्यायालयात न्यायाधीश होते. १८१९ मध्ये सरकारविरोधी मंडळींच्या चौकशीसाठी आयोग नेमला, त्यात त्यांना घेतलं. व्यायामशाळांच्या चळवळीचे प्रणेते यान यांना सोडावं असं मत त्यांनी तिथे कायद्याच्या आधारावर दिलं आणि पोलीस खात्याचा रोष ओढवून घेतला. त्याच चौकशांची टिंगल 'माइस्टर फ्लो' या कथेत केली, तर सेन्सॉरने मजकूर कापला आणि लेखकावर शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली. तिचा निकाल लागण्याआधीच ते गेले. अशा माणसाला 'सल्लागार' म्हणणं फारच मिळमिळीत होतं.

'इम आम्टे'ला 'कार्यालयात' नको; त्याने टेबल-खुर्ची आणि हजेरीपट दिसतो. 'पदावर' किंवा 'न्यायदानात'. 'आउसगेत्साइख्नेट' आज जर्मन लोक 'झकास!' अशा अर्थानेही वापरतात, तुमच्या खर्ड्यातला प्रगतिपुस्तकी 'उत्कृष्ट' तिथूनच आला असावा. मूळ अर्थ खूण करून वेगळा काढलेला. शिळेवर 'नावाजलेले' बसेल.

काळी चार
'वाग्गेयकार' काढा. शब्द फार देखणा आहे म्हणूनच घात करतो.

आपल्या शास्त्रात गीताचे दोन भाग : शब्द म्हणजे मातू, स्वररचना म्हणजे धातू. एकाच गीताचे हे दोन्ही जो रचतो तो वाग्गेयकार. म्हणजे 'साहित्यिकही आहे आणि संगीतकारही आहे' एवढ्याने भागत नाही, दोन्ही कामं त्याच रचनेत हवीत. हॉफमनचं सर्वांत गाजलेलं ऑपेरा 'उंडीने'. ३ ऑगस्ट १८१६ रोजी बर्लिनच्या शाही नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. संगीत हॉफमनचं, नेपथ्य वास्तुकार शिंकेल यांचं, पण शब्द लेखक फुके यांचे, कथाही त्यांचीच. वॉर्सात असताना केलेल्या 'डी लुस्टिगेन मुझिकांटेन' या संगीत नाटकाचे शब्द कवी ब्रेंटानोंचे. १७९९ च्या 'डी मास्क'ची संहिता मात्र स्वतःची होती, म्हणजे तेवढ्यापुरते ते वाग्गेयकार. १८०६ ची सिम्फनी घ्या, १८०९ चं पियानो त्रिकूट घ्या, तिथे शब्दच नाहीत. मातूच नाही तर वाग्गेय कुठून आणणार?

आणखी एक. १८१३ मध्ये त्यांनी नेमका याच प्रश्नावर संवाद लिहिला, 'कवी आणि संगीतकार' याच अर्थाच्या शीर्षकाचा. त्यात कवी मित्र विचारतो, तुझं ऑपेरा तूच का लिहीत नाहीस? संगीतकाराचं म्हणणं असं, की पद्याची जुळवाजुळव करत बसलो तर मनात उठलेलं संगीत तोवर विझून जाईल. ज्याने हा युक्तिवाद छापून ठेवला, त्याच्याच थडग्यावर आपण 'वाग्गेयकार' कोरायचं?

टाकबोरू
पटलं. मग 'संगीतकार' की 'स्वरकार'? 'टोन' म्हणजे स्वर, 'क्युन्स्टलर' म्हणजे कलावंत, तेव्हा 'स्वरकलावंत' असाही विचार होता.

काळी चार
'स्वरकलावंत' गायकाकडे झुकतो. 'संगीतकार' बरा, फक्त मराठीत त्याला 'चाल लावणारा' अशी छटा चिकटलेली आहे, तिची लेखात एका वाक्यात सोय लावा. चाल म्हणजे गळ्याची एक ओळ. तिच्या मागे कोणतं वाद्य काय वाजवणार हे आपल्याकडे बहुतेक वेळा संगीत संयोजक किंवा वादक ठरवतो. 'उंडीने'ची स्वरलिपी उघडली तर एकाखाली एक ओळी दिसतात : लाकडी सुषिर वाद्यं, हॉर्न, ट्रम्पेट, टिंपनी, गायक, कोरस, तळाला तंतुवाद्यं. प्रत्येक ओळीतला प्रत्येक स्वर हॉफमनने लिहिलेला. म्हणून 'उंडीनेला चाल लावली' असं चुकूनही लिहू नका, 'उंडीनेचं संगीत रचलं' लिहा.

'उंडीने'चे १४ प्रयोग झाले आणि २९ जुलै १८१७ ला नाट्यगृहच जळालं, नेपथ्यासकट. बऱ्याच लेखांत 'ऑपेरा पडलं' असं येतं. पडलं नव्हतं, जळालं.

खर्डेघाश
'डिख्टर'बद्दल कोणी बोललं नाही. 'कवी' लिहिलंत तर वाचक कवितासंग्रह शोधत बसेल आणि सापडणार काही नाही. हॉफमनचं नाव उभं आहे ते गद्यावर : १८१६ ची 'डेर झांडमान', मांजराने लिहिलेलं आत्मचरित्र म्हणून रचलेली कादंबरी 'काटर मुर'. जर्मनमध्ये 'डिख्टर' हा कल्पनेतून साहित्य निर्माण करणारा, मग पद्य असो वा गद्य. जुन्या संस्कृतातला 'कवी' इथे चपखल बसला असता, कारण कादंबरी गद्यात लिहूनही बाणभट्ट कवीच. आजच्या मराठीत मात्र कवी म्हटलं की कविता आली. 'ललित लेखक' तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण डोळ्यांसमोर पावसावरचे लघुनिबंध येतात. मी 'साहित्यिक' घेईन.

'मालर' सरळ आहे, चित्रकार. जर्मनमध्ये घराला रंग देणारा रंगारीही 'मालर'च, तेव्हा यंत्राकडून भाषांतर करून घेणाऱ्यांनी जपावं. या चित्रकारीने नुकसानही केलं : पोझनमध्ये लष्करी अधिकाऱ्यांची व्यंगचित्रं काढली आणि १८०२ मध्ये प्वॉट्स्कसारख्या आडगावी बदली झाली.

गोंयकार
लेखात 'कापेलमाइस्टर' येणारच. बांबेर्गच्या नाट्यगृहात १८०८ साली ते त्याच पदावर गेले. त्याला काय योजलंय? 'चर्चचे संगीतप्रमुख' असं काही लिहू नका. 'कापेल' मुळात प्रार्थनामंदिर, पण पुढे दरबारच्या, नाटकाच्या वादकताफ्यालाही तेच नाव मिळालं. इथे ताफा नाटकाचा आहे.

गंमत म्हणजे गोव्यात याचा सख्खा भाऊ आहे. चर्चच्या पॅरिश शाळेत पूर्वी मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन आणि कोरस शिकवणारा 'मेस्त्र कापेला', म्हणजे शब्दशः कापेलमाइस्टरच. 'मेस्त्र' आणि 'माइस्टर' दोन्ही लॅटिन 'मॅजिस्टर'ची लेकरं. मराठीतला मिस्त्री याच पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला. म्हणजे पदाचं नाव मराठीत सुताराकडे आणि गवंड्याकडे गेलं, गोव्यात वादकाकडे राहिलं. लेखासाठी अर्थात 'वाद्यवृंदप्रमुख'.

काळी चार
बांबेर्गमधला त्यांचा पहिलाच प्रयोग, २१ ऑक्टोबर १८०८ चा, साफ फसला. ऑपेरा होतं फ्रेंच संगीतकार बेर्तों यांचं, गोवळकोंड्याच्या राणीची कथा! पुढे तिथे नाटकांना लागणारं प्रासंगिक संगीत लिहिणं हेच मुख्य काम उरलं. तेव्हा 'बांबेर्गमध्ये वाद्यवृंदप्रमुख म्हणून गाजले' असं लिहू नये.

आणि लेखात 'झिंगश्पील' हा जर्मन नाट्यप्रकार आला तर 'संगीत नाटक' लिहा, बिनदिक्कत. 'श्पील' म्हणजे खेळ, आणि आपणही नाटकाचा 'खेळ'च म्हणायचो. बोललेले संवाद, मध्ये गाणी, रचना तीच. फरक दोन. त्यांच्याकडे चार पात्रं एकाच वेळी वेगवेगळे शब्द गातात, आणि गायकाला पद रंगवून वाढवायची मोकळीक जवळजवळ नसते. आपल्या नाटकांच्या पुस्तकांत पदावर 'चाल : अमुक' असं छापलेलं असतं, तिकडे बहुतेक गाणी नव्याने रचलेली. 'संगीतिका' मात्र नको, तिच्यात सगळंच गायचं असतं, आणि 'उंडीने'तसुद्धा बोललेले संवाद आहेत.

टाकबोरू
ग्रंथसूचीतला एक अडलेला शब्द. १८१६ च्या 'नुसक्नाकर उंड माउझेक्योनिग'चं 'अडकित्ता आणि उंदरांचा राजा' केलंय.

खर्डेघाश
अहो, अडकित्त्याला पातं असतं, तो सुपारी कातरतो. हा बाहुला आहे. पाठीवर लोंबणारा लाकडी झगा वर उचलला की त्याचा जबडा उघडतो, दातांमध्ये अक्रोड ठेवायचा आणि झगा खाली दाबायचा, की कवच फुटतं. कथेत फ्रिट्स मुद्दाम सर्वांत मोठा, टणक अक्रोड घालतो तेव्हा बाहुल्याचे तीन दात पडतात आणि खालचा जबडा खिळखिळा होतो. अडकित्त्याला पडायला दात कुठले? 'लाकूडतोड्या' आहे, तसा 'अक्रोडफोड्या' करा. मुलांना उच्चारायलाही मजा येईल.

गोंयकार
नावाच्या आद्याक्षरांचं काय ठरलं? बऱ्याच ठिकाणी 'ई. टी. ए.' दिसतं.

खर्डेघाश
ती इंग्रजी अक्षरं. मराठीत आपण वि. वा., पु. ल. असं नावाचं पहिलं अक्षर घेतो. एर्न्स्ट, टेओडोर, आमाडेउस : ए. टे. आ. आणि जर्मनमध्ये त्या तीन अक्षरांची नावंही ए, टे, आ अशीच. दोन्ही रीतींनी एकच उत्तर येतं, असा योग क्वचित.

शिळेवर मात्र 'आ.' नाही! तिसरं नाव जन्मतः विल्हेल्म होतं. मोत्सार्टच्या प्रेमापोटी त्यांनी 'आमाडेउस' घेतलं, ते 'डी लुस्टिगेन मुझिकांटेन'च्या मुखपृष्ठावर आलं. थडग्यावर मात्र मित्रांनी जुनं नावच ठेवलं. तेव्हा भाषांतरात 'वि.' हवं, आणि खाली तळटीप, नाहीतर वाचक छपाईची चूक म्हणून तुम्हालाच कळवेल.

टाकबोरू
सुधारून :

"ए. टे. वि. हॉफमन
जन्म : क्योनिग्सबर्ग, प्रशिया, २४ जानेवारी १७७६
मृत्यू : बर्लिन, २५ जून १८२२
वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश
पदावर, साहित्यिक म्हणून, संगीतकार म्हणून, चित्रकार म्हणून नावाजलेले
मित्रपरिवारातर्फे अर्पण"

काळी चार
'म्हणून' तीनदा आलंय ते राहू द्या, मुळातही 'आल्स' तीनदा आहे आणि शिळेवर ते एकाखाली एक कोरलंय. तुम्हीही ओळी तोडा. 'मित्रपरिवारातर्फे' मात्र चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावरचं वाटतं. 'मित्रांकडून' पुरे.