व्हॅनमध्ये कूलर लावला की सगळं दमट होतंय, काय करावं?

फिरस्ता_व्हॅन
व्हॅनमध्येच राहतो, एसी बॅटरीवर झेपत नाही म्हणून १२ व्होल्टचा छोटा कूलर घेतलाय. सुरुवातीला मस्त गार वाटतं पण तासाभरात अंग चिकचिकायला लागतं, चादर दमट, आणि रात्री डास येतात म्हणून काचा लावून झोपतो तर सकाळी पत्र्यावरून पाणी ओघळत असतं. काल गादी उचलली तर खालच्या प्लायवर काळे ठिपके. सोबत एक डीह्युमिडिफायर लावू का?

खिडकीपाशी
डीह्युमिडिफायर कूलरसोबत अजिबात नको. कूलर पाण्याची वाफ करून हवेतली उष्णता काढतो, आणि डीह्युमिडिफायर त्याच वाफेचं परत पाणी करून ती उष्णता आतच सोडतो, वर मशीनची गरमी वेगळी, म्हणजे बॅटरी खाऊन व्हॅन उलट तापणार.

तुम्ही सांगताय त्यावरून कूलर आतलीच हवा फिरवतोय. १ लिटर पाणी उडालं की साधारण ०.६७ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता शोषली जाते, हे चांगलंच आहे, पण ते लिटरभर पाणी आता आतल्या हवेत आहे ना, त्याला बाहेर वाट द्या. कूलरची पाठ खिडकीला लावा, कडेच्या फटी फोमने बुजवा म्हणजे तो बाहेरचीच हवा ओढेल, आणि समोरच्या टोकाची खिडकी नीट मोठी उघडी ठेवा. छतावर फॅन असेल तर एक्झॉस्टला. मग त्या उघड्या खिडकीशी टिश्यू पेपरची पट्टी धरून बघा, पट्टी बाहेरच्या बाजूला ताणली गेली पाहिजे. लोंबकळत राहिली तर वाट अजून कमी आहे.

कोरडी_हवा
वरचं सगळं बरोबर, पण आधी बाहेरची हवा कूलरच्या लायकीची आहे का ते बघा, कारण कूलर वेट बल्ब तापमानाच्या (ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात जे दाखवतो त्याच्या) खाली नेऊच शकत नाही. ४० डिग्री आणि २० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब २२-२३ च्या आसपास, तिथे साधा पॅडसुद्धा जोरदार फरक पाडतो. पण ३५ डिग्री आणि ७० टक्के असेल तर वेट बल्बच ३० आहे, हाती तीन-चार डिग्री लागणार आणि चिकचिक फुकट. अशा दिवशी पंप बंद, नुसता पंखा.

आणि टाकीत बर्फ टाकायची खटपट करू नका. १ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो त्याच्या सातपट तेवढंच पाणी उडताना घेतं, गारवा येतो तो उडण्यातून.

फिरस्ता_व्हॅन
खिडकीची आयडिया आजच करतो. पण रात्री कूलर बंद असतो तरी पाणी येतं, ते कुठून?

रात्रीची_ओल
तुमच्यातूनच. दोन माणसं झोपली तर रात्रभरात श्वासाघामातून अर्धा लिटर तरी पाणी हवेत जातं. आत गॅसवर स्वयंपाक केलात तर ते आणखी, १ किलो एलपीजी जळला की दीड किलोच्या वर पाणी तयार होतं, त्यामुळे शेगडी चालू असेपर्यंत एक्झॉस्ट चालूच हवा, धुराच्या दृष्टीनेही. मग पहाटे पत्रा दवबिंदूच्या (हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानाच्या) खाली गेला की हे सगळं त्याच्यावर जमतं.

काचा लावू नका, जाळी लावा. एक फट खाली, एक वर, दोन्ही रात्रभर उघड्या. गादीखाली लाकडी पट्ट्या टाकून हवा खेळू द्या, ते ठिपके बुरशीचेच आहेत, पुसून प्लाय उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच गादी टाका. संध्याकाळी कूलर बंद करण्याआधी पंप थांबवून पॅड वाळेपर्यंत पंखा फिरू द्या आणि टाकी रिकामी करा, नाहीतर तो ओला पॅड रात्रभर ओल सोडत बसतो आणि कुबट वास धरतो.

एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा मीटर घ्या. स्वस्तातला असेल तर तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर ओलं होईल एवढेच थेंब पाणी, विरघळू द्यायचं नाही, आणि झाकण व मीटर दोन्ही झिप पिशवीत रात्रभर बंद. ७५ टक्के दाखवायला हवा, जेवढा फरक येईल तेवढा लक्षात ठेवा. आत सारखं ६० च्या वर राहिलं तर हवेची वाट वाढवा.

खिडकीपाशी
सिलिका जेलच्या पुड्यांवर मात्र भरवसा ठेवू नका, त्या फार तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी धरतात. कपड्यांच्या बंद डब्यात ठीक, अख्ख्या व्हॅनला नाही.