मदत हवी आहे : सेंट जेम्स पॅरिशमधील शोषखड्डे आणि गटारे
लंडनच्या सोहो भागातील सेंट जेम्स पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीवर आधारलेल्या स्थानिक प्रशासकीय विभागात, १८५४ साली पटकीची भीषण साथ आली, तेव्हा पाण्यातून पटकी पसरते असे मानणारे डॉ. जॉन स्नो यांच्या सांगण्यावरून ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे पॅरिशच्या चौकशीत, विशेषतः सहायक धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांच्या चिकाटीमुळे, शेजारच्या घरातील शोषखड्ड्याचे मैलापाणी या पंपाच्या विहिरीत झिरपत होते हे उघड झाले. तरीही दांडा पुन्हा बसवला गेला, याने मन अस्वस्थ होते. १८५५ च्या कायद्याने स्थानिक गटारे, फरसबंदी आणि दिवाबत्ती व्हेस्ट्रीकडे, म्हणजे पॅरिशच्या निर्वाचित मंडळाकडे, सोपवली. त्यानंतर तेथील घरे गटारांना जोडण्याचा खर्च कोणी सोसला आणि भाडेकरूंच्या वाट्याला काय आले, याविषयी जाणकारांनी विश्वसनीय अभिलेख किंवा अभ्यास कृपया सुचवावेत.