पियानोची धून हॉर्नवर: 'वेळ फुकट' म्हणणाऱ्यांना उत्तर

मंद्रसप्तक: 'पांढरी_चार' यांनी काल लिहिलं की पियानोच्या रचना एकट्या फ्रेंच हॉर्नवर (फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यावर) घोटणं म्हणजे रियाजाचा वेळ फुकट घालवणं. कॉप्राशचे एट्यूड (सरावाचे तुकडे) आहेत, मोझार्टचे हॉर्न आणि ऑर्केस्ट्रासाठीचे चार कॉन्चेर्तो आहेत, मग शूमानच्या पियानोला हात लावायचाच कशाला? वाचून डोकं फिरलं, म्हणून जरा सविस्तर.

कॉप्राश मीही वाजवतो. जीभ आणि व्हॉल्व्ह त्यानं वळणावर येतात. पण लांब श्वासाचं गाणं त्यात किती? राव्हेलनं 'पावान' 1899 मध्ये पियानोसाठी लिहिलं, 1910 मध्ये स्वतःच ऑर्केस्ट्रासाठी केलं आणि सुरुवातीची धून दिली ती हॉर्नला. बेथोव्हेनच्या ओपस 81ए सोनाटाची सुरुवात ऐका, पियानो तिथे दोन हॉर्नच्या हाकेची नक्कल करतोय.

शूमानची पियानोवरची 'ट्रॉयमेराई' घ्या. एफ मेजर, म्हणजे आपल्या कागदावर सरळ सी मेजर, कारण एफ हॉर्नच्या प्रतीत प्रत्येक स्वर वाजतो त्याच्या पाचव्यानं वर लिहिलेला असतो. मूळ सप्तकात पहिल्याच ओळीतला एफ आपल्याला वरचा सी होतो आणि पुढचा ए त्याच्याही वर जातो, म्हणून अख्खी धून एक सप्तक खाली आणायची. आता पहिला लांब स्वर धरा. पियानोवर तो आपोआप विरत जातो, हॉर्नवर तो तुम्हालाच जिवंत ठेवावा लागतो. त्यातूनच एका श्वासात वर चढायचं, माउथपीस ओठांवर न दाबता, वरच्या स्वराला धक्का न देता. हे कुठल्या एट्यूडमध्ये मिळतं ते दाखवा.

पांढरी_चार: धून सुंदर आहे हे मला सांगायची गरज नाही. पण शेवटाकडे तोच ए फर्माटावर (स्वर लांबवायच्या खुणेवर) येतो, तेव्हा त्याच्या खाली 'जी' स्वरावरचा पाच स्वरांचा नाइन्थ कॉर्ड असतो. सगळा जीव त्या कॉर्डमध्ये आहे. एकट्या हॉर्नवर तो ए आणि आधीचा ए यांत फरक काय उरला? काहीच नाही. उसनंच आणायचं तर बाखचे सेलो सूट आणा. ते एकट्या वाद्यासाठीच लिहिलेत आणि हॉर्नवाले ते कधीपासून वाजवतायत. आणि खुद्द शूमाननं 1849 मध्ये हॉर्नसाठी ओपस 70 लिहून ठेवलंय, ते कोणी वाजवायचं?

मंद्रसप्तक: ओपस 70 वाजवायला ओठ आधी तयार लागतात, आणि ते तयार कसे करायचे यावरच तर बोलतोय. सेलो सूटमध्ये दोन-तीन तारांवरचे स्वर एकत्र येतात तिथे तुम्हीही काहीतरी गाळताच की. कॉर्डबद्दल सांगायचं तर जी, बी, डी, एफ, ए असे खालून एकेक वाजवा, मग ए धरा. तो कॉर्ड कानात बसला की तोच ए वेगळा लागतो. साथीला कोणी नसताना हार्मनी डोक्यात चालू ठेवणं, हाच अर्धा रियाज आहे.

मांडवीकाठ: एक विचारू? तुम्ही पियानोच्या प्रतीवरून थेट वाजवता, की सॉफ्टवेअरमधून एफमध्ये, म्हणजे हॉर्नच्या पट्टीत, काढून घेता? काढून घेत असाल तर निम्मा फायदा तिथेच गेला. आमच्या गोव्यात पॅरिश स्कूलमध्ये आधी सोल्फेज (स्वर वाचून गाणं), मग वाद्य. आजोबा तसेच शिकले आणि पुढे मुंबईच्या स्टुडिओंत कागद समोर आला की वाजवायचे.

ऱ्हाइनकाठी: मांडवीकाठ यांना शंभर टक्के अनुमोदन. इथे जर्मनीत मी हौशी ऑर्केस्ट्रात वाजवते. ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीच्या शेवटच्या भागातली हॉर्नची ती धून 'हॉर्न इन सी'मध्ये, म्हणजे स्वरांच्या खऱ्या नावांनी, छापलेली आहे. पियानोची प्रत वाचणं म्हणजे नेमकं हेच, प्रत्येक स्वर मनात पाचव्यानं वर न्यायचा. माझ्या शेजारचा मुलगा सगळं एफमध्ये छापून आणायचा. तालमीत कंडक्टरनं ऐनवेळी दुसरी प्रत दिली आणि बिचारा हॉर्न मांडीवर ठेवून बसला.

पेटीवाला: मी हॉर्नवाला नाही, पण राहवत नाही म्हणून लिहितो. हा स्केल चेंजर पेटीचाच वाद आहे. पट्टी सरकवली की बोटं तीच. आमच्या गुरुजींनी तशी पेटी घरात येऊ दिली नाही. गायकानं काळी एक म्हटलं तर काळी एक, पांढरी पाच म्हटलं तर पांढरी पाच. बोटांनी वाट शोधायची.

पांढरी_चार: काका, मैफिलीला आयत्या वेळी गायिका बदलली की तुमचेच शिष्य स्केल चेंजर शोधतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि चाळिशीत हॉर्न धरलेल्या माणसावर ओठ, श्वास, सूर आणि पट्टी असं चारी बाजूंनी ओझं टाकलं की तो वाद्य विकून मोकळा होतो. माझ्या ओळखीत झालंय.

पेटीवाला: माझ्या शिष्यांवर येऊ नका. ज्यानं बारा पट्ट्या बसवल्यात त्यानं स्केल चेंजर वापरला तर माझं काही म्हणणं नाही. न बसवताच सरकवणाऱ्यांबद्दल बोलतोय.

ऱ्हाइनकाठी: आणि ओझं म्हणता, पण 'ट्रॉयमेराई'सारखी संथ धूनच पट्टी बदलायला सोपी असते. एका स्वरावर विचार करायला वेळ मिळतो. कॉप्राशच्या वेगात कोण शिकणार?

पांढरी_चार: बरं, पट्टीचा मुद्दा मान्य. संथ पियानोच्या प्रतीवरून 'हॉर्न इन सी' वाचायची सवय होत असेल तर होऊ दे. पण मग वरच्या हाताच्या गोड धुनाच का? शोपँच्या ओपस 28 मधला सहावा प्रेल्यूड घ्या. धून डाव्या हातात आहे, खर्जात, बेस क्लेफमध्ये (खालच्या स्वरांच्या लेखनात). खालचे सूर टाळणाऱ्यांची तिथे खरी परीक्षा होईल. उजव्या हाताचे कॉर्ड गेले तरी ती ओळ उभी राहते, एवढं मी कबूल करतो. 'ट्रॉयमेराई'बद्दल नाही.

मंद्रसप्तक: प्रेल्यूड घ्याच. आमच्या कागदावर तो एफ शार्प मायनर होईल. सॉफ्टवेअर न उघडता वाचा आणि कुठे अडलात ते इथे लिहा.

मांडवीकाठ: आणि श्वास कुठे घेतलात तेही लिहा. शोपँच्या स्लरवर (स्वर जोडणाऱ्या कमानींवर) आमच्यात अजून भांडण व्हायचंय.