‘युनिव्हर्सिटी’च्या आधी ‘अ’ की ‘ॲन’?

कराडची आई

मुलगी चौथीत, इंग्रजी माध्यमात आहे. काल सराव पेपरात तिनं ‘युनिव्हर्सिटी’च्या आधी ‘अ’ लिहिलं, तर लाल फुली. शेजारी शेरा : ‘यू’ स्वर आहे, ‘ॲन’ हवं. घरी येऊन म्हणाली, “मम्मी, ‘ॲन युनिव्हर्सिटी’ माझ्या तोंडात बसतच नाही गं.” आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, मला नीट सांगता येईना. त्यात ‘ए’ हे एकच अक्षर कॅटमध्ये ॲ, केकमध्ये ए, कारमध्ये आ, बॉलमध्ये ऑ. हे सगळं पाठच करून घ्यायचं का?

ऊसवाला, वाळवा

आम्ही पाठच केलं. पाच स्वर, आणि अपवादांची यादी वहीच्या मागच्या पानावर. अवर, ऑनेस्ट, युनिफॉर्म, युरोपियन.

निवृत्त मास्तर, तासगाव

ताई, आधी लेकीला जवळ घ्या आणि सांगा, तुझंच बरोबर आहे. ‘अ युनिव्हर्सिटी’च. तिनं कानानं ठरवलं, आणि ते कानानंच ठरतं. युनिव्हर्सिटीचा पहिला आवाज ‘य’, म्हणजे व्यंजन. अवरमधला एच बोलतच नाही, म्हणून ‘ॲन अवर’. एम व्यंजन आहे, पण उच्चार ‘एम’ होतो, म्हणून ‘ॲन एमएलए’. वाळव्याच्या दादांच्या यादीतला एकही शब्द अपवाद नाही, सगळे नियमातलेच आहेत.

ही जोडी आली कुठून? जुन्या इंग्रजीत ‘एक’ला ‘आन’ म्हणत. घाईच्या बोलण्यात व्यंजनापुढचा ‘न’ गळत गेला, स्वरापुढे टिकला. आपणही गोष्ट सांगताना ‘एक राजा होता’ म्हणतो, तिथं कुणी राजे मोजत नाही. तोच हा ‘अ’. पुढच्या वाक्यात आपण ‘तो राजा’ म्हणतो, तिथं त्यांचं ‘द’ येतं. बाजारात ‘साठ रुपये किलो’ म्हणतो, तिथंही ते ‘सिक्स्टी रुपीज अ किलो’ म्हणतात. आणि हा ‘अ’ बोलताना ‘अ’च म्हणायचा. आपल्या मुलांना ‘ए बॉय, ए कॅट’ असं ठासून म्हणायची सवय लागते, ती मोडावी.

आता आवाजांचं. एसटीची पाटी इंग्रजीत लिहून दाखवा. ‘सातारा’त ए तीनदा येतो, तिन्ही वेळा आ. ‘फलटण’मध्ये दोनदा, दोन्ही वेळा अ. ‘कराड’मध्ये पहिला अ, दुसरा आ. तुमच्या गावाच्या नावातच धडा आहे! आपल्या ‘च’चंही तसंच : ‘चार जनावरांना चारा’ तिला मोठ्यानं म्हणायला सांगा आणि जीभ कुठे लागते ते विचारा.

इंग्रजीत मात्र बऱ्याचदा शेजारच्या अक्षरांवरून अंदाज येतो. कॅपला शेवटी मुका ई जोडला की केप, मॅडचं मेड. पुढे आर आला की बहुधा आ, दोन एल आले की ऑ. मी फळ्यावर ‘कॅप’ लिहून ई खडूनं जोडायचो, पुसायचो, पुन्हा जोडायचो. पोरं तालात ओरडायची. ‘नेम’सुद्धा पूर्वी ‘नाम’सारखंच म्हणत, तो आपल्या ‘नाम’चा सख्खा नातेवाईक. साधारण 1400 ते 1700 या काळात त्यांचे दीर्घ स्वर बदलले, स्पेलिंग जुन्याच वळणावर राहिलं. मेनी, विलेज हे मात्र पाठच करावे लागतात.

कराडची आई

सर, पाटीची युक्ती आत्ताच केली. तिनं सातारा, फलटण, कराड लिहून प्रत्येक ए खाली मराठी स्वर लिहिला. आता विचारतेय, ए असा त्रिकोणीच का?

निवृत्त मास्तर, तासगाव

मोठा ए कागदावर उलटा करायला सांगा. बेंदराला शिंगं रंगवलेला बैल दिसेल. फिनिशियन लोक या अक्षराला ‘अलेफ’ म्हणत, म्हणजे बैल. ग्रीकांकडे जाईपर्यंत डोकं फिरलं आणि त्याचा ‘अल्फा’ झाला. बैलाला कान काढू द्या तिला.

कराडची आई

काढले, गोंडेपण लावलेत. सर, पेपरचं काय करू? बाईंना वाईट वाटायला नको.

निवृत्त मास्तर, तासगाव

वर्गात नको. शाळा सुटल्यावर शब्दकोश घेऊन जा, युनिव्हर्सिटीचा उच्चार काढा आणि ‘बाई, एकदा बघता का’ एवढंच म्हणा. माझ्याही हातून अशा फुल्या पडल्या आहेत. एका आईनं अशीच वही आणून दाखवली होती. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गाच्या वह्या परत मागवल्या.