मचाणावर दिसले तेवढेच वाघ? (चर्चा)

रानवाटा
बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांत बसून जनावरं मोजतात. त्या गणनेनंतर एक पोस्ट फिरते आहे: "यंदा मचाणांवरून जास्त वाघ दिसले, म्हणजे वाघ वाढले. मग कॅमेरा ट्रॅपवर खर्च कशाला?" हे चूक आहे आणि घातकही. पाणवठ्यावरचा आकडा दोन गोष्टींनी बनतो: जनावरं किती आहेत आणि त्यांतली दिसली किती. दुसरी गोष्ट मोजलेलीच नसते. आठवडाभर आधी वळीव पडला की जनावर नाल्यातल्या डबक्यावर भागवतं आणि मचाण रिकामं राहतं. सौरपंपावरचे नवे पाणवठे झाले की तीच जनावरं विखुरतात. एकच वाघीण संध्याकाळी एका पाण्यावर आणि पहाटे दुसऱ्यावर आली, तर दोन फॉर्मांत दोन वाघिणी.

कॅमेरा ट्रॅप म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. त्यात पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. पहिल्या फेरीत 20 वाघ ओळखले, दुसऱ्या फेरीत 25 मिळाले आणि त्यांतले 10 जुने असले, तर अंदाज 20 × 25 ÷ 10 = 50. न दिसलेल्यांचा हिशेब इथे लागतो, मचाणावर लागत नाही.

मचाणकर
कॅमेऱ्याचं एवढं कौतुक नको. 2 चौ. किमीच्या चौकटीत एक जोडी लावायची, ती गुडघ्याच्या उंचीवर, वाटेच्या दोन्ही बाजूंना. समोरासमोर लावली तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो जाळतो. एक कॅमेरा बंद पडला की फक्त डावी कूस मिळते, दुसरीकडे फक्त उजवी. ती एकाच वाघाची की दोघांची, कोण सांगणार? शिवाय चितळ, सांबर, रानडुक्कर यांना वेगळं ओळखायचं कसं? पाणवठ्यावर निदान सगळी जनावरं एका फॉर्मवर येतात.

रानवाटा
येतात, पण संख्या म्हणून वापरता येत नाहीत. तृणभक्षींसाठी लाइन ट्रान्सेक्ट आहे. 2 किमीची सरळ रेषा पहाटे चालायची. कळप दिसला की तो *पहिल्यांदा जिथे दिसला* तिथपर्यंतचं अंतर रेंजफाइंडरने घ्यायचं आणि कंपासने रेषेशी होणारा कोन. अंतर 60 मीटर आणि कोन 30 अंश असेल तर रेषेपासूनचं लंबांतर 30 मीटर. रेषेपासून दूर जाताना दिसणं किती घटतं, ते या लंबांतरांवरून निघतं आणि त्यातून घनता, म्हणजे दर चौ. किमीला किती जनावरं.

बीटगार्ड_मित्र
कागदावर ठीक. प्रत्यक्षात कळप पळाल्यावर अंतर घेतलं जातं आणि 20, 50, 100 असे गोल आकडे भरले जातात. रेषा सोडून गाडीवाट धरली जाते, कारण चालायला सोपी. मग घनता चुकणारच. वनरक्षकाला वणव्याच्या पाळ्या, गस्त आणि वर हे सगळं. आधी त्याला प्रशिक्षण द्या, मग मचाणाला नावं ठेवा.

बांधावरचा
सगळे वाघ-वाघ करताहात, बिबट्याचं कोण बोलणार? 2022 च्या अंदाजात देशात 13,874 आणि महाराष्ट्रात 1,985 बिबटे. त्यात उसातले धरलेच नाहीत, कारण मोजणी जंगलात झाली. जुन्नर, अकोले अशा उसाच्या तालुक्यांना या आकड्याचा उपयोग काय?

रानवाटा
उसातही मोजता येतात. अकोले तालुक्यातला कॅमेरा ट्रॅपचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. घनता 100 चौ. किमीला सुमारे 4.8. ठिपक्यांच्या गुच्छांवरून बिबट्या ओळखता येतो.

बांधावरचा
एका तालुक्याचा आकडा जिल्हाभर ताणू नका! उसात कॅमेरा लावणं म्हणजे काय, ते ऐका. जागा बांध, पाट आणि पाणंदीची. समोरची पाती साफ केली नाहीत तर वाऱ्यानेच मेमरी कार्ड भरतं. उरलेलं कुत्री आणि मोटारसायकली भरतात. लोखंडी पेटी आणि साखळी नसेल तर कॅमेरा जातो. ग्रामपंचायतीला आधी सांगितलं नाही तर लोक काढून टाकतात, आणि त्यांचं चूक नाही, त्यांचेही फोटो निघतात. सगळ्यात मोठी अडचण तोडीची. फड तुटला की मादी पिल्लांसह शेजारच्या फडात जाते. मोजणी चालू असताना प्राण्यांचे वावर बदलू नयेत, हे तुमच्या गणिताचं गृहीतक तिथेच मोडतं.

मचाणकर
म्हणजे कॅमेराही चुकतो. मी तेच म्हणत होतो.

रानवाटा
नाही, तुम्ही ते म्हणत नव्हता! कॅमेऱ्याच्या अंदाजासोबत तो किती चुकू शकतो याची कक्षा मिळते, मचाणाच्या आकड्यासोबत काहीच मिळत नाही. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात 2004 मध्ये कागदावर डझनाहून जास्त वाघ होते, 2005 मध्ये एकही उरला नसल्याचं उघड झालं. तेव्हाही पावलांच्या ठशांवरून "मोजलेले" आकडे होते. चुकीच्या आकड्याने वाघ संपतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

तोडीचा मुद्दा मात्र मान्य. उसातली मोजणी तोड सुरू व्हायच्या आत उरकायला हवी आणि कालावधी आखूड ठेवायला हवा. मग तोच बिबट्या पुन्हा फोटोत येण्याचं प्रमाण घटतं आणि अंदाजाची कक्षा रुंदावते. ती तशीच छापावी.

मचाणकर
ठीक. मचाणाचा आकडा संख्या म्हणून छापू नये, एवढं मानतो. पण गणना बंद करायला माझा विरोध राहील. फॉर्मवर वेळ, आलेली आणि गेलेली दिशा, नर-मादी, पिल्लं आणि त्या दिवशी चालू असलेले सगळे पाणवठे लिहा. निदान दुबार नोंदी तरी पकडता येतील.

बांधावरचा
आणि उसाच्या तालुक्यांसाठी वेगळा फॉर्म करा. त्यात तोड कुठवर आली, हा रकाना पहिला.