मदत हवी आहे: टार्गेट आणि शिकार, दोन्हींना रायफलवर एकच स्कोप (नेमाची दुर्बीण) चालेल का?

मंडळी, मी टेक्सासात असतो. रायफल ६.५ क्रीडमूर काडतुसाची. शनिवारी रेंजवर ६०० यार्डांवरची लोखंडी पाटी, आणि थंडीत मित्राच्या रानात रानडुकरं, तीही १५० यार्डांच्या आतच. सध्याच्या स्वस्त स्कोपचा टरेट (नेम वर-खाली करायची फिरती चकती) वर फिरवून परत आणला की झिरो, म्हणजे मुळात जुळवलेला नेम, हलतो. परवा दहा गोळ्या मातीत गेल्या.

आता ५-२५ पट झूमचा घेऊ की ३-१८ पटीचा? फर्स्ट फोकल प्लेनमध्ये नेमाच्या रेघा झूमबरोबरच लहान-मोठ्या दिसतात, म्हणून झूम कितीही ठेवला तरी मिलच्या (कोन मोजायच्या) खुणांचं माप बदलत नाही, हे पटतं. पण झूम कमी केल्यावर, तेही तिन्हीसांजेला, ती नेमाची केसाएवढी रेघ दिसते का हो? वजनही बघायचंय, खांदा माझाच आहे. बजेट १००० डॉलर. वापरलेल्यांनीच सांगा, कॅटलॉग माझे पाठ झालेत.